२५ नंबरचा पोर्ट

मी पौडला राहतो आणि पिरंगुटच्या एका कारखान्याचा मेल सर्व्हर सांभाळतो. काम बहुतेक घरूनच. वीज गेली तर इन्व्हर्टर, नेट गेलं तर मोबाइलचा हॉटस्पॉट.

एका सोमवारी अकाउंट्समधून फोन आला, "सर, सकाळपासून एकही मेल नाही. पार्टी म्हणते पीओ पाठवलीय." लॉग उघडला तर ओळी नुसत्या धावत होत्या. 'सेल्स', 'इन्फो', 'अ‍ॅडमिन' अशी नावं टाकून कुणीतरी पासवर्ड ताडून बघत होतं. पोस्टफिक्स, म्हणजे आमचा मेल सर्व्हरचा प्रोग्राम, मूळ सेटिंगमध्ये एका वेळी १०० कनेक्शनं घेतो, त्यातली एका आयपीला जास्तीत जास्त ५०. पण इथे आयपी ढीगभर, प्रत्येकाची दोन-चार कनेक्शनं. सगळ्या जागा त्यांनीच अडवल्या होत्या आणि खरं गिऱ्हाईक बाहेर ताटकळत होतं.

आधी २५ नंबरच्या पोर्टवरचं, म्हणजे बाहेरचे सर्व्हर मेल आणून देतात त्या दारावरचं, लॉगिन बंद केलं. आपल्या माणसांना मेल पाठवायला ५८७ नंबरचा पोर्ट आहेच. पासवर्ड वारंवार चुकवणाऱ्या आयपीला फेल-टू-बॅन नावाचा प्रोग्राम परस्पर बाहेर काढू लागला. पोस्टफिक्समधलं पोस्टस्क्रीन सुरू केलं, म्हणजे स्पॅमहाउस या संस्थेच्या काळ्या यादीतले पत्ते मुख्य सर्व्हरपर्यंत पोचेनात. अडकलेले मेल दुपारपर्यंत आपोआप आले. मेल पोचला नाही तर पाठवणारा सर्व्हर तो सहसा चार-पाच दिवस रांगेत ठेवून पुन्हापुन्हा प्रयत्न करतो, म्हणून काही हरवलं नाही.

पुढे ग्रेलिस्टिंगही लावलं. अनोळखी सर्व्हरला पहिल्यांदा ४५० कोड द्यायचा, म्हणजे 'थोड्या वेळाने या'. नीट चालवलेला सर्व्हर परत येतो, स्पॅमवाले बरेचसे फिरकत नाहीत. परचेसचे साहेब मात्र वैतागले, "ओटीपी अर्ध्या तासाने येऊन काय करू?" बँका आणि नेहमीच्या पार्ट्यांना त्यातून वगळलं, तेव्हा कुठे ते शांत झाले.

सगळ्यात उपयोगी पडली ती बाहेर जाणाऱ्या मेलवरची तासाची मर्यादा. एकाचा पासवर्ड फुटला आणि रात्रीत त्याच्या नावाने स्पॅम सुटला; थोडे गेले, बाकीचे मर्यादेपाशी अडले. सगळे गेले असते तर आमचाच आयपी काळ्या यादीत लागला असता आणि कोटेशनंही परत आली असती. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलही पाठवणाऱ्यांच्या बाबतीत जास्त कडक झालं आहे.

तुमचा सर्व्हर सांभाळणाऱ्याला आजच विचारा: एका खात्यातून तासाला किती मेल जाऊ शकतात? 'कितीही' असं उत्तर आलं, तर ते आधी बदलून घ्या.