पूर्व भागातला कान

सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या माणसाला ताल वेगळा शिकावा लागत नाही. यंत्रमागाचा धोटा या टोकाकडून त्या टोकाला जातो, फणी येऊन आपटते, पुन्हा धोटा, पुन्हा फणी. दिवसपाळी संपली की रातपाळी. पाळण्यातलं मूल त्या खडखडाटात शांत झोपतं आणि वीज जाऊन माग थांबले की दचकून उठतं. अशोक चौकाच्या मागच्या गल्ल्यांतून रात्री चालत गेलं की एकाच कारखान्यातले माग जरा जरा मागेपुढे पळताना ऐकू येतात. मध्येच काही क्षण ते सगळे एका ठोक्यावर येतात आणि पुन्हा सुटतात. तो जुळण्याचा क्षण पकडायला मी लहानपणापासून थांबत आलो आहे.

त्यामुळे इलेक्ट्रॉनिक संगीत मला कधी परकं वाटलंच नाही.

न्यूक्लिया या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराला पुण्यात प्रत्यक्ष ऐकलं, ती रात्र अजून अंगात आहे. उद्यन सागर हे त्याचं खरं नाव. 2015 सालच्या 'बास रानी'ने तो देशभरातल्या पोरांच्या घरात पोचला. त्याच्या संगीतात आपल्या रस्त्यावरचा, मिरवणुकीचा, बेंजो-ढोलाचा आवाज असतो, आणि त्याची त्याला लाज नसते. आम्ही मित्र हायवेने गेलो, भिगवणला चहा घेतला, संध्याकाळी मैदानात शिरलो.

पहिला ठोका कानाच्या आधी बरगड्यांना कळला. पन्नास-साठ हर्ट्झचा खर्ज म्हणजे हवेतली सहा-सात मीटर लांबीची लाट. एखाद्या खोलीएवढी ती लाट हजारो माणसांच्या अंगावरून एकाच वेळी जाते. शेजारचा मुलगा कुठला, कोणाचा, काही ठाऊक नव्हतं, पण त्याची आणि माझी छाती एकाच क्षणी हलत होती. मग न्यूक्लियाने हळूहळू बेस काढून घेतला. फक्त वरचा एक बारीक सूर उरला, तो चढत गेला, टाळ्यांचा वेग दुप्पट झाला, आणि एकदम काहीच नाही. सगळं मैदान श्वास धरून उभं. आणि ड्रॉप! पायाखालची माती खाली-वर झाली असं वाटलं. माझा मित्र कानाशी ओरडला, "आपल्या मिरवणुकीचंच हाय की बे हे!"

खरंच होतं ते. आमच्याकडे गणपतीत मंडळांचे लेझीमचे ताफे निघतात. शिट्टी वाजते, शेकडो हात हवेत थबकतात, हलगी एकटी घुमत राहते, आणि पुढच्या शिट्टीला सगळ्या लेझीम एकदम खळ्ळकन उतरतात. थांबवून धरण्याचं हे सुख सोलापूरकराला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

इलेक्ट्रॉनिक संगीतात माणसाचा हात नसतो, असं अनेक चांगले रसिक म्हणतात. त्यांना मी चरणजीत सिंग यांच्याबद्दल सांगतो. मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत वाजवणारा हा वादक. 1982 साली त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं जोडली आणि दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. रेकॉर्ड फारशी कोणी घेतली नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जग चकित झालं. शिकागोत 1987 साली 'ॲसिड ट्रॅक्स' या रेकॉर्डमधून जो नाद पुढे आला, त्याच्या फार जवळचं काही या माणसाने मुंबईत पाच वर्षं आधी करून ठेवलं होतं. सत्तरी ओलांडल्यावर ते युरोपात जाऊन ते राग पुन्हा वाजवून आले. 2015 साली मुंबईत वारले. भैरव आणि मालकंस ज्या बोटांत मुरले होते, तीच बोटं त्या यंत्रांवर होती.

त्या तीन यंत्रांतलं टीआर-808 हे तालयंत्र सोळा बटनांचं. जे बटन पेटलेलं, त्या मात्रेवर ठोका. आपली सोलापुरी चादर ज्या जेकार्ड मागावर विणली गेली, त्यातही पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं असतात. जिथे भोक, तिथला दोरा उचलला जातो आणि चादरीवर फूल उमटतं. भोकं कुठे पाडायची, हे माणूस ठरवतो. ती नक्षी यंत्राची आहे असं सोलापुरात कोणी म्हणणार नाही.

मोठा आवाज म्हणजे संगीत, ही समजूत मात्र मला मान्य नाही. काचा हादरवणाऱ्या डॉल्बीने आमच्या गावात या संगीताचं नाव खराब केलं. जागतिक आरोग्य संघटनेने कार्यक्रमांसाठी सरासरी शंभर डेसिबलची मर्यादा सांगितली आहे, आणि कुठल्याही संरक्षणाशिवाय तेवढा आवाज कान जेमतेम पंधरा मिनिटं सोसतो. मी त्या रात्री कानात बोळे घालून, ध्वनिसंयोजकाच्या मेजापाशी उभा होतो. मागावर आयुष्य काढलेली आमच्या गल्लीतली माणसं कायम मोठ्याने बोलतात. ऐकू कमी येतं म्हणून. त्यांच्यात वाढलेल्याला कानाची किंमत कळते.

माग आता एकेक करून बंद पडताहेत. सोलापूरच्या पोरांनो, तुमच्याकडे मोबाईल आहे, लॅपटॉप आहे. चालू आहेत तोवर ते आवाज टिपून घ्या. धोट्याचा, फणीचा, पाळी सुटतानाचा. त्यांतून आपलं संगीत करा आणि रंगभवनात किंवा हुतात्मा स्मृती मंदिरात, सोसेल एवढ्याच आवाजात, एक रात्र वाजवा. पुढच्या रांगेत मागावरच्या म्हाताऱ्यांना बसवा. गोंगाटाने आधी वरचे सूर जातात, खर्ज उशिरापर्यंत टिकतो. त्यांना तो ऐकू येईल.