धायटीच्या काड्या

गेल्या पावसाळ्यानंतर गुडघ्यांनी शिडी चढायला साफ नकार दिला. आंब्यावर चढून बांडगूळ कापायचं काम भाच्याकडे गेलं आणि तिथून माझं गणित बिघडलं.

सुरतेत लोकांच्या बागा लावतोय त्याला तीस वर्षं झाली. वेसू-पालकडच्या बंगलेवाल्यांनी टीव्हीवर हमिंगबर्ड पाहिलेला असतो आणि तोच त्यांना हवा असतो. तो उत्तर-दक्षिण अमेरिका सोडून कुठंच नसतो म्हटलं की चेहरे पडतात. मग मी आपला शिंजीर दाखवतो, इथल्या बोलीत शक्करखोरो.

त्याच्यासाठी परदेशी फूल लावणार नाही, असा पण मी कधीच करून बसलो होतो. पळस-पांगारा बंगल्याच्या अंगणात मावत नाहीत. पळसाच्या परागीभवनाचं खरं काम जांभळा शिंजीर करतो, असं दिल्लीच्या अभ्यासकांनी 2003 साली दाखवलं. ते कळल्यावर मी आठवडाभर असा फिरलो, की जणू शोध मीच लावला. त्यात खारीचंही नाव होतं, ते मात्र मी गिऱ्हाइकाला कधी सांगितलं नाही.

माझा सगळा जीव धायटीत. वाघईच्या बाजूला डांगात माघ-फाल्गुनात फांदीन् फांदी लाल नळ्यांनी भरते आणि शिंजीर एका फांदीवरून दुसरीवर नुसते उड्या मारत असतात. ती धायटी सुरतेच्या काळ्या मातीत आली की रुसते. पावसात ही माती चिकटते, मुळं कुजतात. उन्हात भेगाळते, उरलेली तुटतात. मुरूम घातला, वाळू घातली, विटांचे तुकडे घातले, गुडघाभर उंच वाफे केले. बी धुळीसारखं बारीक, पहिल्याच सरीत वाहून गेलं. काड्या लावल्या तर पानं फुटली, मुळं नाहीत. उपटून पाहिलं, पुन्हा खोचलं, पुन्हा उपटलं. उपटू नये हे मला का माहीत नव्हतं? एका शेठच्या अंगणात तीन रोपं जगली. शेणखत घालून मी त्यांना इतकं माजवलं, की नुसता पाला. पुढच्या वर्षी खत तोडलं, पाणी तोडलं, तर पालाही गेला. शेठ म्हणाले, "आ तो सुकां लाकडां छे, भाई." मी त्यांना ऋतुचक्रावर अर्धा तास ऐकवलं. घरी येऊन जेवलो नाही.

पावसाळ्यापुरती मुरुडशेंगेनं लाज राखली. अडुळशावरही शिंजीर येऊन जातो. पण गिऱ्हाइकाला बारा महिने लाल फूल हवं असतं, आणि ते अडाजणचा एक नर्सरीवाला देतो: हमेलिया. मूळचं मेक्सिकोकडचं झुडूप, तिकडे त्यावर खुद्द हमिंगबर्ड येतात. मी त्या माणसाला चारचौघांत "कलमी माळी" म्हणायचो. तो दर पंधरवड्याला फवारणी करतो, त्याबद्दलचा माझा राग मात्र अजून खरा आहे. मधावर शिंजिराचं स्वतःचं भागेल, पिल्लांच्या चोचीत किडे आणि कोळीच पडावे लागतात. घरटं विणायलाही त्याला कोळ्याचं जाळं लागतं. हल्लीच्या बागेत तेवढंच सापडत नाही. सगळं पुसून लख्ख, हिरवळ तर गालिच्यासारखी!

तरीही एका सकाळी मी वही घेऊन बसलो. अर्ध्या तासात त्या नर्सरीवाल्याच्या हमेलियावर शिंजीर सहा वेळा आला, माझ्या धायटीच्या काड्यांवर दोनदा. वहीतलं ते पान मी फाडून टाकलं. देशी-परदेशीवर भाषणं ठोकणारा मी स्वतः चाळीसगावचा, याची बायको अधूनमधून आठवण करून देते.

तर भाचा. माघात शिडीवर चढला आणि कोयता हातात धरून तसाच उभा राहिला. "मामा, तो इथंच येतोय. तुम्ही उगाच त्या काड्यांपाशी बसता." खालून मला नीट दिसेना. त्यानं बांडगुळाची एक डहाळी खाली टाकली. नारिंगी, किंचित बाकदार नळ्या, शिंजिराच्या चोचीच्या मापाच्या. हे मी पाहिलेलं नव्हतं असं नाही. पण त्याला फूल म्हणायचं माझ्या मनात कधी आलं नाही, कारण तोडायचे पैसे मिळत होते. लावायला कुणी बोलावत नाही त्याला. अंगठ्याएवढा फुलटोच्या फळ खातो, चिकट बी फांदीला पुसतो, झाली लावणी. मुरूम नाही, वाफा नाही.

त्या झाडावरचं बांडगूळ यंदा मी काढू दिलं नाही. मालकाला अजून सांगितलेलं नाही. शेंड्याकडची एक फांदी वाळली आहे आणि कैऱ्या निम्म्याच लागल्यात.