ओढ्यावरची शीळ

मृग बरसला, ओढ्याचं पहिलं गढूळ पाणी वाहून गेलं आणि मागचं नितळ पाणी खळाळू लागलं, की आमच्या वाडीत पहाटे शीळ ऐकू यायची. पहाटे म्हणजे झुंजूमुंजू व्हायच्याही आधी, चुली पेटायच्या आत. कुणीतरी पोरगं गुरं घेऊन निघालंय, त्याला एक गाणं अर्धंच येतंय, दोन ओळी नीट वाजवून तिसरीला अडतंय आणि मग भलतीकडूनच पुन्हा सुरुवात करतंय, अशी ती शीळ. ऐकणारा अंथरुणात वाट बघत राहतो, की आता तरी हे पुरं होईल. ते कधीच होत नाही.

आमची वाडी पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. वर डोंगर, खाली भाताची खाचरं आणि मधून ओढा. पावसाळ्यात शेजारच्या घराचं कौल दिसत नाही इतकं धुकं. त्या धुक्यातून येणारी शीळ कुणाची, हे वाडीत ठरलेलं होतं. कोयनेचा भूकंप झाला त्या साली, म्हणजे 1967 च्या पावसाळ्यात, माझ्या थोरल्या चुलतीचा अकरा वर्षांचा मुलगा म्हशी उतरवताना ओढ्यात वाहून गेला. शीळ घालण्यात तो पटाईत होता म्हणे. मी जन्मलो त्यानंतर. आमच्या ओटीवर चार-पाच फोटो होते, आजोबांचा, मुंबईला गिरणीत गेलेल्या दोन चुलत्यांचा, एक कुणाच्या तरी लग्नातला. त्याचा नव्हता. त्या वयाच्या पोराचा फोटो तेव्हा वाडीत कोण काढणार?

चुलतीला आम्ही सगळे नानी म्हणायचो. दरसाल पहिल्यांदा शीळ ऐकू आली की नानी हातातलं काम थांबवायची आणि म्हणायची, "आला." एवढंच. मग घरात जरा वेळ कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. पोरांनी त्या दिवसांत शीळ घालायची नाही, घातली तर पाठीत धपाटा. आणि ओढ्याकडे जाऊन शीळ कोण घालतंय ते बघायचं तर नावच नाही.

पुढं मी कराडला एका फोटो स्टुडिओत कामाला लागलो. लग्नं, बारसी, पासपोर्टचे फोटो. तिथं कॉलेजातले एक सर रोल धुवायला आणायचे. सगळ्या रोलमध्ये पानं, फांद्या आणि कुठंतरी काळा ठिपका. मी विचारलं तेव्हा त्यांनी त्या ठिपक्याची गोष्ट सांगितली. याचं नाव शीळकरी कस्तूर. सह्याद्रीतलं पाखरू, साळुंकीपेक्षा थोडं मोठं. सावलीत काळंठिक्कर दिसतं, पण उजेड तिरपा पडला तर कपाळावर आणि खांद्यावर निळं झळकतं. ओढे, धबधबे, ओले कातळ ही त्याची जागा. गांडुळं, गोगलगायी, बेडूक, खेकडे हे खाणं. पावसाळ्याच्या दिवसांत वीण, आणि तेव्हाच ते पहाटे गातं. इतर दिवसांत नुसती एक बारीक, कानात घुसणारी हाक. शास्त्रातलं नाव कुणा हॉर्सफील्ड नावाच्या डॉक्टरवरून पडलंय. पण साहेब लोक बोलताना त्याला म्हणायचे 'व्हिसलिंग स्कूलबॉय', शीळ घालणारा शाळकरी.

हे ऐकून मी हातातलं काम सोडून उभाच राहिलो. इथल्या कुणालाही न विचारता साहेबालासुद्धा तिथं पोरगंच ऐकू आलं होतं.

त्या पाखराचा फोटो काढायचा हे तेव्हा डोक्यात बसलं. आईला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "काढ बाबा. पर नानीला दावू नगंस. तिचं तेवढंच हाय." मलाही ते पटलं.

1998 चा पावसाळा. मालकांकडून निकॉनचा एफएम 2 आणि 300 ची लेन्स मागून घेतली. हा कॅमेरा गावाकडे एका कारणासाठी बरा: मीटर सोडला तर त्याला सेल लागत नाही, सगळं यंत्र हाताचं. आमच्याकडे पावसाळ्यात वीज चार-चार दिवस नसायची. लेन्सला बुरशी धरते म्हणून ती पत्र्याच्या डब्यात भाजलेल्या तांदळात ठेवायचो. आई म्हणायची, कॅमेऱ्याचे लाड हायती, पोरांचं नव्हं.

सगळ्यात अवघड प्रकरण म्हणजे उजेड. हे पाखरू गातं अंधारात. दिसायला लागतं तोवर त्याचं गाणं संपत आलेलं असतं. वर ढग, त्याखाली झाडी, त्याखाली काळा कातळ आणि त्यावर काळं पाखरू. चारशेची फिल्म घालून आणि लेन्स पुरती उघडूनही मीटर पंधरांश सेकंद दाखवायचा. एवढ्या वेळात पाखरू इकडून तिकडे जातं. त्यात मीटरची एक खोड असते. त्याला काळं दाखवलं की तो ते करडं करायला बघतो, उजेड जास्त मागतो. मी त्याचं न ऐकता दीड स्टॉप कमी द्यायचं ठरवलं. त्यानं दोन गोष्टी साधतात. काळं काळंच राहतं आणि शटरही थोडं जलद मिळतं. फ्लॅश वापरायचा नाही हेही आधीच ठरवलेलं. लग्नात नवरा-नवरीच्या डोळ्यांसमोर दिवसभर फ्लॅश उडवणारा माणूस मी, पण वीण चाललेल्या पाखराला अंधारात असा दणका देणं मला बरं वाटेना.

लपायचं कसं, हा प्रश्न इरल्यानं सोडवला. डोंगरातल्या पाखरांना लावणीच्या दिवसांत इरली पांघरून वाकलेली माणसं रोजच दिसतात. तशा माणसाला ती भीत नाहीत. मी इरलं डोक्यावर घेऊन डोहाच्या अलीकडच्या काठाला बसायचो, पायाला तंबाखूचं पाणी चोळून. तरी जळवा यायच्याच. कॅमेरा तिवईवर, त्यावर प्लास्टिकची पिशवी. शटरचा खटका चांगला मोठा, पण ओढ्याच्या आवाजात तो मलासुद्धा ऐकू यायचा नाही. शीळ मात्र त्या आवाजातूनही स्वच्छ यायची. पाण्याचा आवाज जाडा, हिचा बारीक. एकात दुसरा बुडत नाही.

पहिले चार दिवस फक्त बघण्यात गेले. रोल महाग, छत्तीसच फोटो. बघता बघता त्याची रीत कळली. ते कातळावर तुरुतुरु पळतं आणि एकदम थांबतं. थांबलं की दगडच. शेपटी तेवढी जराशी पसरून मिटतं, आणि मग पुन्हा पळतं. फोटो निघणार तर त्या थांबण्यातच. पाचव्या दिवशी त्यानं पाण्यातून खेकडा काढला. नांगीला धरून कातळावर असा आपटला, असा आपटला, की एकेक पाय गळून पडला. मग उरलेला मऊ भाग घेऊन ते धबधब्याच्या शेजारच्या कपारीत गेलं. तिथं शेवाळ, मुळ्या आणि चिखलाची वाटी दिसत होती. पिल्लं होती. कपारीपर्यंत मला चढता आलं असतं, लहानपणापासून ते कातळ पायाखालचे. गेलो नाही. घरट्याचा फोटो दिसायला भारी, पण त्यापायी पाखरानं घरटं टाकल्याचे प्रकार सरांनी सांगितले होते. आणि का कोण जाणे, त्या ओढ्यात एक पोर गेलेलं पुरे, असं मनात येत होतं.

आठव्या दिवशी पावसानं तासभर उघडीप दिली. पूर्वेकडे ढग फाटला आणि डोहाच्या कडेच्या एका दगडावर उजेडाचा पट्टा आला. पाखरू पळत पळत त्याच दगडावर येऊन थांबलं. लुगड्याची घडी उलगडताना आतला रंग दिसावा तसं निळं दिसलं. कपाळावर एक पट्टी, खांद्यावर एक ठिगळ. मी तिसांश सेकंदावर तीन फोटो काढले. त्यातला एक नीट आला, हे कराडला रोल धुतल्यावरच कळलं. अंधारखोलीत ओली फिल्म दिव्यापुढं धरली तेव्हा हात थरथरत होता.

गौरीला घरी गेलो तेव्हा फोटो पिशवीच्या तळाशी, कागदात गुंडाळून ठेवला होता. आईला तेवढा दाखवायचा होता. पण पोरांच्या हाताला खाऊच्या आधी तोच लागला, आणि ती तो घेऊन थेट सोप्यात, नानीपुढं. आई चुलीपाशी जागच्या जागी थांबली.

नानीनं फोटो उंबऱ्यातल्या उजेडाला धरला. बराच वेळ बघितला.

"ह्येच," ती म्हणाली. "भूकंपाच्या फुडच्या साली आपल्या गोठ्याच्या आढ्याला ह्येनंच घरटं केलं हुतं. तीन पिल्लं. सगळी उडाली."

मी म्हटलं, "नानी, म्हंजी तुला ठावं हुतं?"

"मग? डोळं न्हवतं व्हय मला?"

"पर तू दरसाल म्हनायचीस..."

"आला म्हनायची. कोन आला ते तुमी ठरीवलंसा."

आई पदरानं तोंड पुसत आत गेली. एकतीस वर्षं सारी वाडी नानीसाठी गप्प राहिली होती. नानी वाडीसाठी गप्प राहिली होती की काय, हे मी विचारलं नाही. तिनं बोटानं त्या निळ्यावरून हात फिरवला.

"ह्ये निळं तू रंगीवलंस का खरं हाय?" आमच्याकडे पूर्वी फेरीवाले फोटोग्राफर काळ्या-पांढऱ्या फोटोला हातानं रंग देऊन जायचे, ते तिच्या डोक्यात असणार.

"खरं हाय. ऊन पडलं तवाच दिसतंय."

"मला कुटनं दिसंल? मी आपली अंधारात जायाची." म्हणजे ती ओढ्यावर जात होती. आम्हा पोरांना बंदी होती तेव्हाही.

मग ती उठली, ओटीवरच्या फोटोंच्या रांगेकडं गेली, आजोबांच्या आणि लग्नाच्या फोटोच्या मध्ये भिंतीवर हाताचा पंजा ठेवून जागा मापली.

"ह्यो हितं बसंल," ती म्हणाली. "पर आसा नगं. काच घालून आन. चुलीचा धूर येतोय हितं."

दसऱ्याला येताना मी तो काच घालून नेला.