‘अपॉलॉजी’ आणि कैफियत

इ.स.पू. ३९९ मधील सॉक्रेटिसच्या खटल्यावर प्लेटोने लिहिलेली संहिता मराठीतून शिकविताना पहिली अडचण येते ती शीर्षकाची. ‘अपॉलॉजी’ म्हटले की विद्यार्थ्यांपुढे इंग्रजीतली माफी उभी राहते. आणि सत्तर वर्षांचा आरोपी जीत कशाचीही माफी मागत नाही, त्या संहितेचे वाचन प्रारंभीच उलटे होऊन बसते. मूळ ग्रीक ‘अपोलोगिया’ म्हणजे आरोपाला दिलेले उत्तर. गांधीजींनी १९०८ मध्ये ‘इंडियन ओपिनियन’मधून तिचा गुजराती सारांश दिला, तेव्हा शीर्षकात ‘सत्यवीर’ आणून हा पेच टाळला. ‘आत्मसमर्थन’ हा पर्याय चुकीचा नाही, पण त्याला न्यायालयाचा वास नाही.

शिरूरच्या वर्गात तो वास आपसूक आला. प्रतिवादीचे उत्तर म्हणजे काय हे मी समजावीत असता मागच्या बाकावरून कोणी म्हणाले, “सर, म्हणजे कैफियत.” घोड-भीमेच्या या पट्ट्यात वाटपाचे आणि बांधाचे दावे नवलाचे नाहीत, कैफियत मुलांना वडिलांच्या पिशवीतल्या कागदांतून ठाऊक असते.

शब्द नेमका बसतो. कैफियत दाव्यातील मजकूर कलमवार नाकारीत जाते, सॉक्रेटिसही आधी ॲरिस्टोफेनिसच्या ‘मेघ’ नाटकापासून (इ.स.पू. ४२३) साचलेली जुनी बदनामी घेतो, मग मेलेटसची फिर्याद. बोललेले त्याचे, लेखी केले ते प्लेटोने. परंतु प्रत्येक कैफियतीच्या शेवटी कोर्टाला विनंती असते, आणि इथे तिचीच जागा रिकामी आहे. तीन मुलगे असूनही तो त्यांना दयेसाठी पुढे उभे करीत नाही. दोषी ठरल्यावर स्वतःसाठी शिक्षा सुचवायची, तर आधी मागतो ते नगराच्या खर्चाने भोजन! तीस मिनांचा दंड येतो तो नंतर, मित्रांच्या जामिनावर. विनंतीचे कलम गाळलेली कैफियत असे या संहितेचे वर्णन मला अधिक अर्थवाही वाटते. ‘माफी’च्या सावलीत ही उणीव दिसतच नाही.

दौंडहून शिरूरला येताना वाटेत केडगाव लागते. तेथे पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले मराठी बायबल त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, पूर्ण प्रसिद्ध झाले. जेरुसलेमच्या जमावापुढे पौल बोलू लागतो तेव्हा आपल्या भाषणाला तो हाच शब्द वापरतो, अपोलोगिया. म्हणजे हा शब्द या परिसरात थेट ग्रीकमधून एकदा येऊन गेला आहे. आम्ही मात्र त्याला अजून लंडनमार्गेच बोलावतो.

अनुवादकांनी संबोधनाकडेही लक्ष द्यावे. मराठीत ‘न्यायाधीश महाराज’ सहज लिहिले जाईल. सॉक्रेटिस मात्र निकाल लागेपर्यंत समोरच्यांना केवळ ‘अथेन्सवासीहो’ म्हणतो. ‘न्यायाधीश’ हा शब्द तो मृत्युदंड ठरल्यावर उच्चारतो, आणि तोही ज्यांनी त्याच्या सुटकेच्या बाजूने मत दिले तेवढ्यांपुरताच.