पळापळ संपल्यावर...

मागे गाड्या लागल्यात, पुढे रस्ता संपत आलाय, हीरोनं हिरॉईनचा हात घट्ट धरलाय आणि आपण पॉपकॉर्न तोंडात टाकायचं विसरलोय... तुमचंही असंच होतं ना? माझं तर हमखास! मैत्रिणी विचारतात, 'तुला मारामारीचे पिक्चर कसे गं आवडतात?' मारामारी कुणाला बघायचीय? मला आवडते ती पळापळ. आणि पळणाऱ्या दोघांमध्ये, काही न बोलता जुळत जाणारं ते काहीतरी.

या सीनचा फंडा तसा सोपा असतो. वेळ कमी, जागा अरुंद, बोलायला सवड नाही. मग प्रत्येक छोट्या हालचालीला वजन येतं. २००२ चा 'द बॉर्न आयडेंटिटी' आठवा. पॅरिसमध्ये पोलीस मागावर आहेत. स्मृती गेलेला जेसन बॉर्न (आपला मॅट डेमन) मारीला सांगतो, उतरायचं असेल तर आत्ताच उतर. ती एक शब्द बोलत नाही, नुसता सीटबेल्ट लावते. खट्! होकार म्हणतात तो हाच. त्यानंतर तिची छोटीशी मिनी पायऱ्यांवरून धडधडत उतरते, तेव्हा आपल्याला दोघांचीही काळजी वाटायला लागलेली असते.

यामागे थोडं शास्त्रही आहे बरं का. १९७४ मध्ये डटन आणि अ‍ॅरन या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातल्या कॅपिलानो इथल्या झुलत्या पुलावर एक प्रयोग केला. त्या डुगडुगत्या पुलावर भेटलेल्या तरुणीला नंतर फोन करणारे पुरुष, साध्या भक्कम पुलावरच्या पुरुषांपेक्षा जास्त निघाले. छातीतली धडधड भीतीची, पण मन ती प्रेमाच्या खात्यात जमा करतं!

पण धडधड उतरल्यावर काय? हुशार दिग्दर्शक खरा डाव इथेच टाकतात. हिचकॉकचा १९३५ चा 'द थर्टी नाइन स्टेप्स' बघा. दोघं एकाच बेडीत अडकलेत. त्याच्यावर तिचा काडीचा विश्वास नाही, त्यामुळे ती बरोबर असते ती नाइलाजानं. रात्री खानावळीत तिचा हात बेडीतून सुटतो. ती पळायला निघते, पण बाहेर कानावर पडलेल्या बोलण्यातून तो खरा असल्याचं तिला कळतं. मग ती परत खोलीत येते. माझ्या मते प्रेम सुरू होतं ते तिथे.

आणि आपला 'सैराट' (२०१६)? आर्ची-परश्याची पळापळ बघताना थिएटर डोक्यावर घेतलं होतं सगळ्यांनी. मला मात्र आठवतं ते हैदराबादमधलं भांडण. आर्ची घरी परत जायला निघते. अडवायला कुणी नाही, मागेही कुणी लागलेलं नाही. तरीही ती परत फिरते.

थोडक्यात काय, टेन्शन येतं पाठलागातून. जवळीक मात्र येते दार उघडं असताना थांबण्यातून.

हे सगळं आत्ता सुचायचं कारण आमच्या घरात आहे. नवऱ्याला बंगळुरूची मस्त ऑफर आलीय आणि शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. माझं फ्रीलान्सिंग कुठूनही चालेल, पण आई डोंबिवलीत एकटी असते, गुडघे दुखतात तिचे. 'तू म्हणशील तसं,' असं आम्ही दोघंही आळीपाळीनं म्हणतोय. तीन वर्षांच्या संसारात इतकं सभ्य आम्ही कधीच वागलो नव्हतो! मागे कुणी लागलेलं नसलं की निर्णय घेणं जास्त अवघड जातं, हे आत्ता कळतंय.

त्यानं जावं की राहावं, हे मी सांगणार नाहीये. काल रात्री मात्र आम्ही दोघांनी मिळून एक यादी केली. तो गेला तर आईकडे कोण बघणार, तो राहिला तर हप्ते कसे भरायचे. रोमँटिक नाही वाटत? मला तर ऐकू आलं बुवा. खट्!