पुढे ढकलणे

मराठीत ‘ढकलणे’ या क्रियापदाला फारशी इज्जत नाही. काम पुढे ढकललं म्हणजे आज केलं नाही. पोरगं ढकलपास झालं म्हणजे खरं तर नापासच. गाडी ढकलावी लागली तर बॅटरी गेलेली असते. गिट वापरायला लागले तेव्हा ‘पुश’चं मनातल्या मनात भाषांतर व्हायचं आणि हसू यायचं, कारण इथं अर्थ बरोब्बर उलटा. आजवर जवळ ठेवलेलं एकदाचं बाहेर पाठवायचं, त्याला पुश म्हणतात.

ज्यांचा गिटशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते की ही फायलींतल्या बदलांची वही आहे. एखादा बदल वहीत पक्का नोंदवला की झालं कमिट. सबव्हर्जनसारख्या आधीच्या व्यवस्थेत कमिट केलं की ते थेट सर्व्हरवर जायचं. गिटमध्ये ते तुमच्याच लॅपटॉपवर राहतं. नेट नको, कुणाची परवानगी नको. लिनस टोरवाल्ड्सने हे एप्रिल २००५मध्ये बनवलं. लिनक्सचं काम ज्या बिटकीपरवर चालायचं त्याचा फुकट वापर बंद झाला, म्हणून ३ तारखेला त्याने सुरुवात केली आणि ७ तारखेला गिटचा स्वतःचा कोड गिटमध्ये ठेवलेला होता. पण लिनक्सच्या त्याच्या मुख्य प्रतीत बाकीचे कुणी पुश करत नाहीत. ‘माझ्याकडून ओढून घ्या’ अशी मेल करतात, आणि ओढायचं की नाही ते तो ठरवतो.

माझ्या गिटमध्ये आईचे शब्द आहेत.

आई अकोला जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत शिक्षिका होती. वर्गात प्रमाण मराठी आणि घरी वऱ्हाडी. निवृत्त झाल्यावर तिनं दोन फुलस्केप वह्या भरल्या : भेद्रं म्हणजे टमाटा, सांबार म्हणजे कोथिंबीर, पऱ्हाटी, तुराटी, गंज. पुण्यात कुणाला ‘सांबार आण’ म्हटलं की इडलीबरोबरचं येतं, हा तिचा आवडता किस्सा. मी त्या वह्या टाइप करत गेले, बहुतेक महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये, पुणे-अकोला. मनमाड सोडल्यावर नेट येतं-जातं, पण कमिटला त्याची गरजच नसते. प्रत्येक अक्षराची एक फाइल केली. गिटनं क नावाच्या फाइलचं नाव ३४०, २४४, २२५ असं आकड्यांत दाखवलं. ‘कोअर डॉट कोटपाथ’ नावाची एक सेटिंग बंद केल्यावर क दिसायला लागला. आपली अक्षरं दिसावीत म्हणून आधी काहीतरी बंद करावं लागतं, यावर एक वेगळा लेख होईल.

दोन वर्षांत साडेआठशे शब्द झाले. पुश एकाच ठिकाणी करत होते, पेनड्राइव्हवर. दूरची प्रत म्हणजे एखाद्या कंपनीचा सर्व्हरच असला पाहिजे असं गिटला वाटत नाही, नुसतं फोल्डरही चालतं. आई तो पेनड्राइव्ह स्टीलच्या डब्यात, पोस्टाच्या पासबुकाखाली ठेवायची.

एकदा ती शेजारी बसून म्हणाली, “मंग हे कोनाले दिसते?”

“कोणालाच नाही. तू म्हणशील तेव्हा सगळ्यांना दिसेल.”

तिनं सगळं पहिल्यापासून वाचायला घेतलं. मोबाइलवर नाही, प्रिंट काढून, हातात लाल पेन घेऊन. चार दिवसांनी एका शब्दावर पेन थांबलं. ते एका घराण्याचं गावानं पाडलेलं नाव होतं, आणि खाली तिनंच ते का पडलं ते लिहिलं होतं. दुष्काळातल्या एका रात्रीची गोष्ट होती. तो शब्द मी इथंही लिहीत नाही. आई म्हणाली, “हे काढ. त्याच्या नातवाचं लगन जमून राह्यलं.”

काढणं सोपं होतं. ओळ खोडा, नवं कमिट करा. पण मग जुन्या कमिटमध्ये ती ओळ तशीच राहते. कुणीही इतिहास उघडून वाचू शकतो. उलट ‘काढलं’ असं कमिट दिसलं की तिथंच आधी बघितलं जातं. प्रत्येक कमिटला चाळीस अक्षरी खूण असते. ती आतला मजकूर, तारीख, लिहिणाऱ्याचं नाव आणि आधीच्या कमिटची खूण या सगळ्यांवरून निघते. म्हणून मधलं एक कमिट बदललं की पुढच्या सगळ्यांच्या खुणा बदलतात. साखळी नव्यानं ओवावी लागते. ‘फिल्टर-रेपो’ नावाचं साधन हे करतं, काही सेकंदांत. आपल्याजवळ आहे तोवर इतिहास असा मऊ असतो. जगासमोर पुश झाल्यावर ज्यांनी ज्यांनी प्रत उतरवून घेतली त्यांच्याकडे जुनी साखळी राहणार, आणि त्यांच्या लॅपटॉपवर माझं काही चालणार नाही.

मला ती गोष्ट काढवत नव्हती, हे खरं. सबंध संग्रहात तेवढी एकच नोंद अशी होती की वाचताना पोटात कालवलं. मी म्हटलं, “नाव काढू, गोष्ट ठेवू.” आई म्हणाली, “गावाले गोष्टीवरूनच कळते.” वऱ्हाडातल्या गावाबद्दल तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. गोष्ट तिची नव्हती, माझी तर त्याहून नव्हती.

साखळी बदलली आणि पेनड्राइव्हवर पुश केलं. गिटनं नकार दिला. पुश करताना आधी समोरची प्रत सांगते की माझं शेवटचं कमिट हे. ते तुमच्या साखळीत सापडलं तर मधले तेवढेच तुकडे गठ्ठा करून पाठवले जातात, नाही सापडलं तर ‘रिजेक्टेड’. समोर कुणाचं तरी काम असेल आणि ते पुसलं जाईल, अशी त्याला शंका येते. शंका रास्त आहे. ऑफिसमध्ये अशा वेळी मी ‘फोर्स’ला हात लावत नाही. इथं समोर आईचा डबा होता. फोर्सनंही समाधान होईना, कारण सुटे झालेले जुने तुकडे आत पडून राहू शकतात. शेवटी पेनड्राइव्ह पुसून प्रत नव्यानं टाकली.

मग संग्रह सगळ्यांसाठी खुला केला. कमांड मी लिहिली, एंटर आईनं दाबलं. “आता वापस नाही येत?” “नाही.” तिनं चष्मा काढला आणि दाळ टाकायला उठली.

तीन आठवड्यांनी कुणीतरी अनोळखी माणसानं दुरुस्ती पाठवली : भेद्रं नव्हे, भेदरं. सोबत सतरा नवे शब्द. आता ओढून घ्यायचं की नाही ते आम्ही ठरवायचं होतं. आईनं ते सतरा दोनदा वाचले, नऊवर बरोबरची खूण केली आणि भेदऱ्यापाशी येऊन म्हणाली, “हा आपल्या इकडचा नाही. पण खोटा बी नाही. थांब, मावशीले फोन करतो.”