अप्पांचा नदीकाठ

नुसते फिरायला म्हणून नदीवर जाणे हा आमच्या बोरगावचा रिवाज नव्हे. नदीवर जायचे ते मोटार चालू करायला, म्हशी धुवायला, नाहीतर वैरण आणायला. त्यामुळे डॉक्टरांनी अप्पांना रोज तासभर चालायला सांगितले, तेव्हा घरात मोठाच प्रश्न उभा राहिला. पस्तीस वर्षे इचलकरंजीच्या यंत्रमागांवर पाळ्या केलेला माणूस रिकाम्या हाताने चालणार कसा? अखेर अप्पांनीच तोड काढली. विळा आणि रिकामे पोते घेऊन मला म्हणाले, "चल, म्हशीला गवत आणू."

दूधगंगेच्या काठची ही वाट तशी फार सोपी. चढ नाही, दगड नाही. एका हाताला ऊस, दुसऱ्या हाताला पाणी. ही वाट कोणी बांधलेली नाही. एका मोटारीपासून दुसरीकडे जाणाऱ्या पावलांनी ती पडली. वरच्या अंगाला भोजजवळ वेदगंगा हिला मिळते. आचार्य शांतिसागर (1872–1955) त्या भोजचे. तरुणपणी ते आदिसागर मुनींना खांद्यावर घेऊन नदी पार करीत, असे जुनी माणसे सांगतात. अप्पांना ही गोष्ट फार प्रिय. पहिल्या आठवड्यात मी ती चारदा ऐकली, आणि तीही ओरडून सांगितलेली! मागांच्या खडखडाटाने अप्पांचे कान गेले आहेत. कारखान्यात सारे बोलणे खुणांनीच व्हायचे. येथे ते मोकळ्या गळ्याने बोलतात आणि काठचे बगळे उडतात.

मोटारीवरचा माणूस कानडीत विचारतो, "ऊटा आतेन्री?" अप्पा मराठीत उत्तर देतात, "अजून सुटलं नाही म्हणे पाणी!" तो जेवणाचे विचारतो, हे काळम्मावाडीच्या धरणाचे सांगतात. पण दोघांचेही समाधान होते. उन्हाळ्यात पात्र आटले की इकडे दुसरा विषय नसतोच. धरण राधानगरी तालुक्यात. वाट पाहणारे दोन्ही राज्यांत.

हल्ली पोते निम्मेच भरते. अप्पा विळा कमरेला खोचून पुढच्या वळणापर्यंत जातात, हे आईला अजून ठाऊक नाही.

यंदा मात्र एके ठिकाणी वाटच नांगरलेली दिसली. 2019 च्या ऑगस्टातील महापुरात तेथला काठ ढासळला होता. मालकाने उरलेल्या कडेपर्यंत उसाची लागण केली. मला राग आला. माणसाला चालायला दोन फूट सोडले असते, तर काय बिघडले असते? अप्पा म्हणाले, "त्याची जमीन नदीनं नेली, तू वाट कसली मागतोस?" आणि ते कोंब चुकवीत, सरीतून एकेक पाऊल टाकीत पलीकडे गेले. मी त्यांच्या पावलांवर पाऊल ठेवले. रोजच तसे जाऊ लागलो. पंधरा दिवसांत तेथे वीतभर रुंदीची माती दबलेली दिसू लागली.

एके सकाळी मालक समोरच उभा राहिला. खाली पाहिले, आमच्याकडे पाहिले. मग अप्पांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, "कडेनं जाऊ नका, माती सुटती! आतनं चाला!"